पालथी

फॉर्म चार पानांचा, हिंदीत.
मारहाणीच्या रकान्यात तिने फुली मारली,
पुढच्यातही फुली,
तिसऱ्याशी पेन थांबलं.

माझं टेबल जिल्हा न्यायालयाच्या भिंतीला लागून,
निंबाखाली, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी.
शपथपत्रं, भाडेकरार, नावबदल.
इंदुरात तीस वर्षं हिंदी टाइप करतो,
पण पानं मोजताना मराठीत पुटपुटतो.
ते ऐकूनच संरक्षण अधिकारी मॅडमनी आत बोलावलं,
"दिघे जी, इनकी भाषा ज़रा देख लीजिए."

हेमांगी सप्रे. लोकमान्य नगर. वय अठ्ठेचाळीस.
"अंगाला बोट लावलं नाही हो त्यांनी कधी,"
हे ती तीनदा म्हणाली,
जणू नवऱ्याचीच वकील म्हणून आली होती.

क्या कहते हैं पति?
पालथी.
कब से?
लग्नानंतर सव्वा महिन्यापासून.
कुकरच्या शिट्ट्या मोजायला चुकले होते.
आधी म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी.
मग पाणी गळालं, घडाही गळाला,
उरली पालथी.
"ए पालथी, चहा."
फोनमध्ये नंबर त्याच नावाने.
मुलाला बालवाडीत बाईंनी
आईचं नाव विचारलं, तर त्याने
(इथे तिने पाणी मागितलं.)

मॅडमचं पेन हवेत.
"पालथी? मतलब, पालथी मारके बैठना?
इसमें गाली क्या है?"

खरंच, काय होतं त्यात?
हिंदीत पालथी म्हणजे मांडी घालून बसणं,
पंगतीला बसतात तसं, निवांत.
त्या निवांतपणाच्या अलीकडे एक बाई
सव्वीस वर्षं उभी होती.

"औंधा घड़ा," मी म्हणालो. "पानी डालो, ठहरता नहीं."
मॅडमनी लिहून घेतलं.
पण 'पा' म्हणताना ओठ कसे मिटून उघडतात,
आणि 'थी'ला दातांतून थुंकीसारखी वाफ सुटते,
ते कोणत्या रकान्यात घालू?
आणि सप्रे मला माहीत आहेत, हे?
व्याख्यानमालेत आभार मानायला तेच उभे राहतात,
माइकवाल्याचे, सतरंज्या घालणाऱ्याचेसुद्धा,
नाव घेऊन,
एकही नाव न विसरता.

"है क़ानून में," मॅडम म्हणाल्या.
दोन हजार पाचचा कायदा, कलम तीन.
अपमान, उपहास, नावं ठेवणं.
आपल्यात नाव ठेवतात बारशाला
आणि नावं ठेवतात जन्मभर;
एका अनुस्वाराचा काय तो फरक.

मी मान डोलावली, आणि सकाळ आठवली.
पोह्यांवर जीरावन कमी पडलं म्हणून
"तुला काय कळतंय" म्हणालो होतो,
हसत.
आमच्यात चालतं असं.
असं मीच म्हणतो.

सात तारखांनी आदेश आला, दीड पानाचा.
मीच वाचून दाखवला.
अनावेदकाने प्रत्यक्ष, फोनवर किंवा कोणाकरवी
आवेदिकेला 'पालथी' अथवा तत्सम शब्दाने संबोधू नये.
शब्द अवतरणचिन्हांत, खाली गोल शिक्का,
बरणीत विंचू धरून ठेवावा तसा.

पण मला राहून राहून आठवते ती पहिली तारीख.
व्हरांडा भरलेला. शिपाई दारात येऊन ओरडला,
"हिमांगी सपरेऽ हाज़िर होंऽऽ"
कोणी उठलं नाही.
पुन्हा ओरडला.
ती माझ्या शेजारीच, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत
इकडेतिकडे बघत होती,
कोण बाई आहे ही, येत का नाही,
असं.

तिसऱ्या हाकेला मी म्हणालो, ताई, तुम्हाला.

"मला?"
आणि उठता उठता शिपायाला म्हणाली,
मराठीत, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी,
"हिमांगी नाही. हेमांगी."